अर्धवट सोडलेल्या अल्बमचं पुढे काय होतं? जेथ्रो टलच्या ‘नाइटकॅप’ची गोष्ट

‘नाइटकॅप’ हा जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा दोन सीडींचा संच नोव्हेंबर 1993 मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आला. त्यातल्या पहिल्या सीडीवरचे ड्रम, बेस, ऑर्गन आणि गिटार 1972 सालचे आहेत. मधूनच बासरी येते, ती मात्र बऱ्याच ठिकाणी 1993 सालची. म्हणजे पंचविशीतला एक तरुण गातो आहे आणि त्याला बासरीची साथ करतो आहे तोच माणूस, पण पंचेचाळिशी ओलांडलेला. गाणं एकच, आणि त्याच्या आत एकवीस वर्षांचं अंतर.

‘आजवर प्रसिद्ध न झालेली गाणी’ असं कव्हरवर छापलेले अल्बम रॉकच्या जगात पुष्कळ निघतात. चाहते त्यांच्यावर तुटून पडतात. इतरांच्या मनात साधा प्रश्न येतो: गाणी चांगली होती तर तेव्हाच का नाही काढली, आणि चांगली नव्हती तर आता कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की गाणं तयार होऊन कपाटात पडलेलं होतं आणि कुणीतरी ते फक्त बाहेर काढलं. बहुतेक वेळा तसं नसतं. गाणं अपुरं असतं. ते प्रसिद्ध करायचं तर वीस-वीस वर्षांनी कुणाला तरी बसून ठरवावं लागतं, की हे आहे तसं द्यायचं की पुरं करून द्यायचं. हा निर्णय कुणी आणि कसा घेतला हे कळलं की असे अल्बम निराळेच ऐकू येतात. ‘नाइटकॅप’ त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांबाबत हा निर्णय दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा उलटसुलट.

हा बँड आणि हे संगीत

जेथ्रो टल हे कुणा वादकाचं नाव नव्हे. अठराव्या शतकातल्या एका इंग्लिश शेतीतज्ज्ञाचं, ओळीत बी पेरणारं यंत्र बनवणाऱ्याचं, हे नाव बँडने 1968 च्या सुरुवातीला घेतलं आणि ते चिकटलं. बँडचा सगळा कारभार इयन अँडरसनभोवती फिरतो. तो स्कॉटलंडमध्ये जन्मलेला गायक, गीतकार आणि बासरीवादक. एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा म्हणून त्याचं चित्र सगळीकडे दिसतं. मुंबईकरांच्या आठवणीत त्याचं आणखी एक स्थान आहे. नोव्हेंबर 2008 च्या अखेरीस अनुष्का शंकरबरोबर त्याचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यामुळे तो होऊ शकला नाही. मग पुढच्याच आठवड्यात, हल्ल्यात होरपळलेल्यांच्या मदतीसाठी म्हणून, त्यांनी मुंबईत येऊन तो केला.

या बँडच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. आता ते म्हणजे काय ते. साठच्या दशकातलं रॉक गाणं साधारण तीन मिनिटांचं असायचं: कडवं, ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, मधे गिटारचा तुकडा, संपलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुणांना ही चौकट अपुरी वाटू लागली. त्यांनी गाणी लांबवली, त्यांत पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, लोकसंगीत आणलं, आणि चार मात्रांचा ठरलेला ठेका मोडला. आपल्याकडे रूपक आणि झपतालाची सवय असलेल्या कानांना सात किंवा दहा मात्रांचं काही वाटत नाही, पण रॉकमध्ये ते धाडसच होतं. जेथ्रो टलचं 1969 सालचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाच मात्रांत आहे आणि तरीही ते ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

मार्च 1972 मध्ये त्यांनी ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढला. संपूर्ण अल्बमभर एकच गाणं, त्रेचाळीस मिनिटांहून जास्त. एलपीची बाजू उलटायला लागते म्हणून काय तो खंड. कव्हर म्हणजे बारा पानांचं खोटं गावठी वर्तमानपत्र, आणि गाण्याचे शब्द म्हणे आठ वर्षांच्या एका मुलाच्या बक्षीसपात्र कवितेचे. तो मुलगाही काल्पनिकच. एवढा अवघड माल अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘नाइटकॅप’मधला गोंधळ सुरू होतो तो या यशानंतर लगेच.

देरूव्हिलचा वाडा

यशाबरोबर कर आला. त्या काळी ब्रिटनमध्ये मोठ्या कमाईच्या वरच्या टप्प्यावर 75 टक्क्यांच्या घरात कर होता. रोलिंग स्टोन्स 1971 सालीच त्यापायी फ्रान्सला निघून गेले होते. जेथ्रो टलनेही देश सोडायचं ठरवलं. राहायचं स्वित्झर्लंडला आणि पुढचा अल्बम करायचा फ्रान्समध्ये, असा बेत होता. पॅरिसच्या वायव्येला एरूव्हिल नावाच्या गावात ‘शातो देरूव्हिल’ हा अठराव्या शतकातला एक वाडा आहे. मिशेल मान्य या फ्रेंच संगीतकाराने त्यात स्टुडिओ थाटला होता. राहायचं, जेवायचं आणि रेकॉर्डिंग करायचं, सगळं एकाच आवारात. एल्टन जॉनने त्याच वर्षी तिथे एक अल्बम केला आणि त्याच्या नावातच तो वाडा आणला, त्यामुळे जागेचा बराच बोलबाला होता.

जेथ्रो टलला मात्र ती जागा मानवली नाही. यंत्रसामग्री सारखी बिघडत होती. अन्नातून विषबाधा झाली, मंडळी आजारी पडली, अंथरुणात ढेकूण होते, आणि सगळ्यांना घराची ओढ लागली. बँडने वाड्याच्या फ्रेंच नावाची मोडतोड करून त्याला ‘शातो डिझास्टर’ म्हणायला सुरुवात केली. सुमारे तासाभराचं संगीत टेपवर उतरलं होतं, म्हणजे एका एलपीपेक्षा जास्तच. तरीही त्यांनी ते सगळं तिथेच सोडलं, करबिर विसरून परत जायचं ठरवलं आणि इंग्लंड गाठलं.

परत आल्यावर तेच संगीत नीट पुरं करता आलं असतं. अँडरसनने ते केलं नाही. ज्या गाण्यांशी आजारपण आणि कटकट जोडली गेली होती, त्यांना पुन्हा हात लावायचा कुणाला उत्साह नव्हता. नवं लिहिणं सोपं वाटलं. मार्च 1973 मध्ये लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत घाईघाईने ‘अ पॅशन प्ले’ मुद्रित झाला आणि त्या उन्हाळ्यात बाहेर आला. तोही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण समीक्षकांनी त्याची सालटी काढली.

अपुरं गाणं म्हणजे नेमकं काय

इथे थोडं तंत्र समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

1972 च्या सुमारास मोठ्या स्टुडिओंत दोन इंच रुंदीची चुंबकीय टेप वापरत. या टेपवर शेजारी शेजारी सोळा पट्ट्या असत, त्यांना ट्रॅक म्हणतात. ड्रमना चार-पाच ट्रॅक, बेसला एक, गिटारला एक-दोन, ऑर्गनला एखादा, अशी वाटणी. प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र असतो. नंतर त्यातला एक पुसून नवा भरता येतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

काम घर बांधतात त्या क्रमाने चालतं. आधी कॉलम आणि स्लॅब: ड्रम, बेस, पियानो, गिटार, हे सगळे एकत्र बसून वाजवतात. याला बॅकिंग ट्रॅक म्हणतात. प्लास्टर आणि रंग नंतर. गायक हेडफोनवर ते वाजवणं ऐकत रिकाम्या ट्रॅकवर आपला आवाज भरतो, बासरीवाला बासरी भरतो, कुणी वर व्हायोलिन चढवतं. या नंतर चढवलेल्या थराला ओव्हरडब म्हणतात. सगळे थर झाले की सोळा ट्रॅकचे दोन करायचे, डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी. कोणता आवाज किती मोठा, कोणता डावीकडे, कोणाला किती घुमारा द्यायचा, हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग.

आता काम मधेच थांबलं तर काय राहून जातं? अर्थातच शेवटचे थर. म्हणून सोडून दिलेल्या टेपवर बहुतेकदा साथ भरघोस असते आणि मुख्य सूर जागोजागी गायब. देरूव्हिलच्या टेपवर हेच झालं होतं. काही ठिकाणी अँडरसनचं गाणं पूर्ण आहे. काही ठिकाणी बँड जीव तोडून वाजवतो आहे, आणि ज्याच्यासाठी वाजवतो आहे तो सूर टेपवर आलेलाच नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीवर ‘रीमास्टर’ लिहिलेलं असेल तर तयार झालेलं दोन ट्रॅकचं मिश्रण घेऊन ते फक्त उजळलेलं असतं. ‘रीमिक्स’ लिहिलेलं असेल तर मूळ सोळा ट्रॅकपर्यंत मागे जाऊन जुळणी नव्याने केलेली असते. अप्रकाशित गाण्यांची जुळणी कित्येकदा मुळात झालेलीच नसते, त्यामुळे ती कुणीतरी पहिल्यांदाच करत असतो, तीही वाजवणारे म्हातारे झाल्यावर.

एकच टेप, दोन निर्णय

या टेपचा पहिला तुकडा 1988 मध्ये बँडच्या विसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या संचात आला: ‘सिनॅरिओ’, ‘ऑडिशन’ आणि ‘नो रिहर्सल’, तिन्ही मिळून दहा-अकरा मिनिटं. चाहत्यांची भूक त्याने भागली नाही, उलट वाढली. मग 1993 मध्ये अँडरसनने उरलेल्या टेपवर काम केलं. ज्या जागा रिकाम्या होत्या तिथे त्याने नवी बासरी वाजवली आणि ‘नाइटकॅप’ची पहिली सीडी तयार झाली.

त्याने गाण्याऐवजी बासरी का निवडली असेल? माझ्या मते उत्तर त्याच्या घशात आहे. 1984 च्या दौऱ्यात त्याच्या आवाजाला इजा झाली आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. 1972 च्या त्या खणखणीत आवाजाशेजारी 1993 चा आवाज ठेवला असता तर सांधा लगेच दिसला असता. बासरीला तसं वय दिसत नाही.

थोडंसं दिसतं, मात्र. अँडरसन बासरी स्वतःच शिकलेला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपली बोटं इतकी वर्षं चुकीच्या जागी पडत आली आहेत. त्याने सगळं मोडून नव्याने बोटं बसवली. जगभर नाव झाल्यावर पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणं सोपं नाही, आणि त्याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण त्यामुळेच 1972 ची त्याची बासरी आणि नंतरची बासरी वेगळ्या आहेत. आधीची घोगरी, थुंकल्यासारखी, फुंकेसोबत घशातून हुंकार सोडणारी. नंतरची गोल आणि सफाईदार. ‘नाइटकॅप’मध्ये ती सफाई त्या रांगड्या बँडवर तरंगत राहते. एकदा हे जाणवलं की न ऐकल्यासारखं करता येत नाही.

दुसरा निर्णय 2014 मध्ये झाला. ‘अ पॅशन प्ले’ची विस्तृत आवृत्ती निघायची होती आणि रीमिक्सचं काम स्टीव्हन विल्सनकडे होतं. विल्सन स्वतः पॉर्क्युपाइन ट्री या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा म्होरक्या आणि किंग क्रिमसन, येस या बँडच्या जुन्या टेप हाताळलेला माणूस. त्याने 1993 ची बासरी काढून टाकली. 1972 मध्ये टेपवर जे होतं तेवढंच ठेवलं, रिकाम्या जागा रिकाम्या ठेवल्या. शिवाय ‘नाइटकॅप’मध्ये नसलेली ‘सेलर’ आणि ‘बिग टॉप’ ही दोन गाणी त्यात आली.

कुठला बरोबर? सर्वसाधारण ऐकणाऱ्यासाठी अँडरसनचा निर्णय समजण्यासारखा आहे. रिकामी साथ तीन-चार मिनिटं ऐकणं कंटाळवाणं होऊ शकतं, आणि गाणी त्याची आहेत, ती पुरी करायचा हक्कही त्याचाच. तरी मला 2014 ची आवृत्ती जवळची वाटते. बासरी नसल्यावर बॅरी बार्लोचे ड्रम पुढे येतात. जॉन इव्हनचं ऑर्गन आणि मार्टिन बारची गिटार एकमेकांना कशी जागा देतात ते ऐकू येतं. पाच जणांनी एका कटकटीच्या जागी बसून काय काम केलं होतं, ते स्वच्छ समोर येतं.

हा पेच जेथ्रो टलपुरता नाही. 1998 मध्ये जेनेसिस या बँडने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच काढला, तेव्हा 1975 च्या एका मैफिलीतलं आपलं गाणं त्यांचा तेव्हाचा गायक पीटर गेब्रिएलने बऱ्याच ठिकाणी नव्याने गाऊन घेतलं. पिंक फ्लॉइडने 2014 चा ‘द एंडलेस रिव्हर’ 1993 मधल्या उरलेल्या वादनावर नवे थर चढवून उभा केला. त्यांचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट 2008 मध्ये वारला होता. त्याचं वाजवणं जपण्याचा दुसरा मार्ग नव्हता, म्हणून तिथे नवे थर मला खटकत नाहीत. याउलट व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा 1982 मधला ‘टाइम व्हॉल्ट्स’: तालमीतलं खरखरीत मुद्रण, फार साफसफाई न करता तसंच दिलेलं.

उरलेली गाणी काय सांगतात

सोडून दिलेलं काम वाया गेलं असं आपण म्हणतो. या टेप ऐकल्या की कळतं, की बँडने त्यातलं शक्य तेवढं पुढे नेलं.

‘क्रिटीक ऑब्लिक’ हा नऊ मिनिटांचा तुकडा घ्या. ‘अ पॅशन प्ले’ ज्यांना पाठ आहे त्यांना यातला मोठा भाग लगेच ओळखू येतो. तिकडे तो दाबून, घट्ट करून, गडद केलेला आहे. इकडे तो सैल आहे, मंडळी खेळत आहेत. ‘टायगर टून’मधल्या सुरावटीही पुढे ‘अ पॅशन प्ले’त सापडतात. ‘स्केटिंग अवे’ हे बँडचं आजही आवडीने ऐकलं जाणारं गाणं 1974 च्या ‘वॉर चाइल्ड’वर आलं, पण त्याचाही जन्म देरूव्हिलचाच.

सगळ्यात बोलकं उदाहरण दीडेक मिनिटाच्या एका गाण्याचं आहे. ‘वॉर चाइल्ड’वर ‘ओन्ली सॉलिटेअर’ नावाचं छोटं गाणं आहे. अकूस्टिक गिटारवर अँडरसन एका समीक्षकाचं तोंड वापरून स्वतःलाच शिव्या घालतो आणि शेवटी टोपी त्या समीक्षकाच्या डोक्यावर बसवतो. 1973 मध्ये ‘अ पॅशन प्ले’ला झोडपलं गेलं आणि 1974 मध्ये हे गाणं आलं, म्हणून ते त्या टीकेला दिलेलं उत्तर आहे असं मानणं अगदी साहजिक होतं. ‘नाइटकॅप’मध्ये हेच गाणं ‘सॉलिटेअर’ नावाने आहे, आणि ते 1972 च्या टेपवरचं आहे. म्हणजे ज्या टीकेचं उत्तर म्हणून ते ऐकलं गेलं, ती टीका होण्याआधीच ते मुद्रित झालं होतं. अप्रकाशित ध्वनिमुद्रण बाहेर आलं की एखाद्या कलावंताची आपण रचलेली कहाणी अशी बदलावी लागते. मला या प्रकारच्या अल्बमची खरी किंमत इथे दिसते.

आणि ती गाणी मुळात कशी आहेत? माणसाच्या वागण्यातलं जनावर आणि रंगमंचासारखं आयुष्य, अशा दोन कल्पना त्यांत गुंफलेल्या आहेत. ‘लुक अ‍ॅट द अ‍ॅनिमल्स’ खट्याळ आहे. ‘सिनॅरिओ’पासून ‘नो रिहर्सल’पर्यंतचा सलग भाग मला सर्वांत आवडतो: एकट्या गिटारवर शांतपणे सुरू होतो आणि बघता बघता सगळा बँड अंगावर येतो. विषय असा, की हे नाटक थेट प्रयोगानेच सुरू होतं, तालीम मिळत नाही. ‘लेफ्ट राइट’ मात्र कितीही वेळा ऐकलं तरी जमलेलं वाटत नाही. कुणी म्हणतात, हाच अल्बम ‘अ पॅशन प्ले’पेक्षा सरस झाला असता. मला ते पटत नाही. यात मोकळेपणा जास्त आहे, हसू जास्त आहे, पण एका अल्बमला शेवटपर्यंत धरून ठेवणारा कणा अजून बसलेला नव्हता.

दुसऱ्या सीडीचं प्रकरण साधं आहे. ती 1974 पासून पुढच्या सतराएक वर्षांतल्या उरलेल्या गाण्यांची. इथे गाणी सुटण्याची कारणंही साधी. एलपीच्या एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटांपेक्षा जास्त भरलं तर आवाज पातळ होतो, त्यामुळे दहा गाणी केली की दोन-तीन बाहेर राहणारच. बरीच गाणी 1982 च्या ‘द ब्रॉडस्वर्ड अँड द बीस्ट’ अल्बमच्या वेळची आहेत, त्या काळात बँडने भरमसाट लिहिलं होतं. काही तर नुसतीच ठीक आहेत. एक मात्र चुकवू नये: ‘ब्रॉडफर्ड बझार’. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर अँडरसनने इस्टेट घेतली होती, ब्रॉडफर्ड हे तिथलं गाव. अरुंद रस्त्यांवरून सरकणाऱ्या पांढऱ्या मळक्या कॅरव्हॅन, त्यांच्यामागे अडकलेल्या मोटारी, आणि आलेल्या पर्यटकांना हवं ते विकायला बसलेलं गाव. गिटार, बासरी आणि आवाज, एवढ्यावरच गाणं चालतं. हे कोणत्याही अल्बमवर घेतलं असतं तरी शोभलं असतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी ‘सिनॅरिओ’, ‘ऑडिशन’, ‘नो रिहर्सल’ सलग ऐका. मग ‘अ पॅशन प्ले’ पूर्ण, पंचेचाळीस मिनिटं काढून. त्यानंतर ‘क्रिटीक ऑब्लिक’. आणि हेडफोन असतील तर ‘नाइटकॅप’मधला नुसत्या वादनाचा एखादा तुकडा, समजा ‘टायगर टून’, आधी 1993 चा आणि लगेच 2014 चा लावून बघा. बासरी कुठे होती आणि कुठे नाही, तेवढंच मोजत बसलात तरी अर्धा तास कसा गेला कळणार नाही.